चावडी, खोडा आणि चोवीस तास

मंडळी, परवा कामानिमित्त कोनला गेलो होतो. पनवेलहून निघालं की पळस्प्याच्या फाट्यावर एक रस्ता गोव्याकडे वळतो आणि दुसरा जुना पुणे रस्ता खोपोलीकडे जातो. त्या पुणे रस्त्यावरचं हे गाव. मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. शेजारी दोन पोरांची चेंडूवरून जुंपली होती. एक म्हातारेबाबा काठी आपटून ओरडले, "थांबा रे, दोघांनाही चावडीवर बसवतो!" पोरं क्षणभर थांबली. मग त्यांतल्या धाकट्यानं मोठ्या निरागसपणे विचारलं, "आजोबा, चावडी म्हणजे काय?"

म्हातारेबाबा हसले, आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. धमकी राहिली, पण धमकीची जागा विसरली गेली. आपल्या भाषेत अशा कितीतरी गोष्टी आहेत. एखाद्यानं आपलं काम अडवलं की आपण म्हणतो, "त्यानं कामात खोडा घातला." खोडा म्हणजे काय, हे किती जणांना ठाऊक आहे? खोडा म्हणजे एक जाड लाकडी ओंडका. त्याला भोकं पाडलेली असत आणि त्या भोकांत गुन्हेगाराचे पाय अडकवून वरून खीळ ठोकत. माणूस बसल्या जागी खिळून जाई. शिक्षेचं ते हत्यार गेलं, पण भाषेत मात्र ते अजून रोज वापरात आहे.

तेव्हा आज आपण गावातल्या कैदेविषयी बोलू. मोठ्या तुरुंगाविषयी नव्हे, हं. मोठ्या तुरुंगाची गोष्ट आपल्या पनवेल तालुक्याला चांगली ठाऊक आहे. कोनपासून जवळच, गोव्याच्या रस्त्याला, शिरढोण गाव आहे. तिथले वासुदेव बळवंत फडके १८७९ साली इंग्रज सरकारच्या हाती लागले. पुण्यात खटला झाला, जन्मठेप झाली आणि त्यांना समुद्रापार एडनला नेऊन ठेवलं. १८८० साली कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते बाहेर पडले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. ही झाली राज्याची मोठी कैद. तिच्यावर पुस्तकं निघतात, तिची स्मारकं होतात.

पण दारू पिऊन गोंधळ घालणारा, शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाणारा, कोंबडी चोरताना सापडलेला, अशा माणसाला गावानं रात्रभर कुठं ठेवायचं? हा प्रश्न जगातल्या प्रत्येक गावाला पडलेला आहे, आणि प्रत्येकानं त्याचं उत्तर आपापल्या रीतीनं दिलेलं आहे. त्या छोट्या कैदेची स्मारकं होत नाहीत. तरी माझं असं म्हणणं आहे, की राज्य कसं चाललं आहे हे मोठ्या तुरुंगापेक्षा या एका रात्रीच्या कोठडीवरून अधिक कळतं.

आधी जरा दूरचं उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या खेड्यांतून हिंडणाऱ्याला गावाच्या मध्यभागी, देवळाजवळ किंवा बाजाराच्या चौकात, एक लहानसं दगडी घुमटीवजा घर पुष्कळदा दिसतं. त्याला जाड लाकडी दार असतं आणि दाराला लोखंडी पट्ट्या असतात. खिडकी नसतेच, असली तर वितभर. नवख्या माणसाला वाटावं, विहिरीवरची घुमटी असेल किंवा एखाद्या पिराची जागा असेल. पण ती गावची कोठडी. कुठं तिला 'गोल घर' म्हणतात, कुठं 'पिंजरा' म्हणतात आणि विल्टशर परगण्यात खिडकी नाही म्हणून 'आंधळं घर' म्हणतात. सॉमरसेटमधल्या कॅसल केरी गावी १७७९ साली बांधलेलं गोल घर अजून उभं आहे. आतून रुंदी जेमतेम सात फूट. म्हणजे उंच माणसानं पाय पसरले की भिंत लागली! ऑक्सफर्डजवळ व्हीटली गावी १८३४ सालची कोठडी आहे. ती सहा बाजूंची, वर निमुळती होत गेलेली आहे. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी तर नदीवरच्या जुन्या पुलावरच कोठडी आहे. स्वॉनेज गावच्या १८०३ सालच्या कोठडीवर दगडात कोरलेला लेख आहे. त्याचा आशय असा, की धर्म आणि सुव्यवस्था यांच्या मित्रांनी दुराचार आणि व्यसन रोखण्यासाठी ही बांधली.

ही घरं का बांधावी लागली? तर त्या काळी तिथं खेड्यात पगारी पोलीस नव्हता. गावातलाच एखादा शेतकरी, चांभार किंवा दुकानदार वर्षभरासाठी 'कॉन्स्टेबल' म्हणून नेमला जाई. पगार नाही आणि गणवेशही नाही. त्यानं रात्री एखाद्या दारुड्याला धरलं तर न्यायाधीश असायचा कोसभर दूर, तोही झोपलेला. स्वतःच्या घरात बायकामुलांत चोराला कसा ठेवणार? म्हणून गावानं वर्गणी काढून चार दगड रचले. दारुड्यानं तिथं झोपून शुद्धीवर यावं आणि चोरानं सकाळपर्यंत थांबावं, एवढाच त्या खोलीचा उपयोग. पुष्कळ गावांतून अशाही गोष्टी सांगतात, की आतल्याचे दोस्त दाराच्या जाळीतून नळी घालून त्याला बाहेरून दारू पाजत! खोडे तर तिथं त्याहून जुने. १३५१ सालच्या मजुरांच्या कायद्यात गावोगाव खोडे ठेवण्याची आज्ञा होती, आणि ठरलेल्या मजुरीहून जास्त मागणारा मजूर त्या खोड्यात जाई. म्हणजे चोरासाठी जसा खोडा, तसा गरिबानं तोंड उघडू नये म्हणूनही खोडा.

पुढं १८३९ आणि १८५६ सालच्या कायद्यांनी इंग्लंडच्या परगण्यांतून पगारी पोलीस आले, ठाणी झाली, ठाण्यातच कोठड्या झाल्या आणि गावची दगडी घुमटी रिकामी पडली. कुणी तीत सरपण ठेवलं, कुणी बागकामाची अवजारं ठेवली. आता त्या जुन्या वास्तू म्हणून जपतात आणि शाळेतली मुलं त्या पाहायला येतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गावानं कोठडीसाठी वेगळं घर बांधलं नाही. आपल्याकडे होती चावडी. चावडी म्हणजे गावचं दप्तर, गावची कचेरी, परगावच्या वाटसरूचं मुक्कामाचं ठिकाण आणि वेळ पडली तर कोठडीसुद्धा. देशावर दगडी जोत्यावर लाकडी खांब, वर छप्पर आणि समोरची बाजू मोकळी, अशी तिची बांधणी असे. जिथं चावडीची स्वतंत्र इमारत नसे, तिथं पाटलाच्या ओटीवरच काम चाले. पाटील बसे, कुलकर्णी वही उघडी, चौगुला हाताखाली असे आणि बाहेर महार उभा असे. त्याच्याकडे वेशीची राखण, सरकारी कागद पोचवणं, धरलेल्या माणसावर पहारा आणि तालुक्याला त्याच्याबरोबर पायी जाणं, ही सारी कामं.

एक फरक लक्षात घ्या. इंग्लंडची कोठडी आंधळी, आपली चावडी उघडी. तिथला कैदी कुणाला दिसत नसे. आपल्याकडे खांबाला टेकून बसलेला माणूस येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्यांना दिसे. आपल्याला वाटेल, उघडी जागा बरी. चार लोकांच्या डोळ्यांदेखत कुणी जुलूम करणार नाही. वाटतं खरं तसं. पण इतिहास काय सांगतो?

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाचा एक मोठा अहवाल लिहिला. आपल्या खेड्यांचा कारभार कसा चाले, हे त्यात बारकाईनं नोंदवलेलं आहे. गावच्या राखणदारांविषयी त्यांनी चांगलं लिहिलं आहे. चोराच्या पावलांचा माग काढत राखणदार शिवेपर्यंत जात. ज्या गावाच्या शिवेत माग शिरला, त्या गावानं तो पुढं काढून द्यायचा, नाही तर गेलेल्या मालाची भरपाई करायची. आहे की नाही युक्ती! साऱ्या पंचक्रोशीला चोर धरण्यात रस राहिला पाहिजे, अशी ती व्यवस्था.

पण त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे. ज्या रयतेकडून शेतसारा आला नाही, त्या माणसाला आधी महार बसवून गावाबाहेर जाऊ देत नसत. तेवढ्यानं भागलं नाही तर चावडीवर कोंडत. मग उन्हात उभं करत, डोक्यावर जड धोंडा देत आणि पैसे देईपर्यंत अन्नपाणी तोडत. हे सारं उघड्या चावडीवर, गावाच्या डोळ्यांसमोर होई. गाव पाही आणि गप्प बसे, कारण उद्या आपली पाळी. म्हणजे उघड्या जागेनं माणूस वाचला नाही. सात फुटांच्या आंधळ्या घरात जे होऊ शकतं, ते चार खांबांच्या उघड्या चावडीतही होतं.

मग माणूस वाचतो कशानं? याचं उत्तर मला कायद्याच्या इतिहासात सापडतं, म्हणून थोडा कायदा सांगतो. कंटाळू नका.

मुंबई इलाख्यात १८६७ साली गावपोलिसांचा कायदा झाला. त्या वर्षीचा तो आठवा कायदा. त्याच्या १४ व्या कलमानं गावच्या पोलीस पाटलाला किरकोळ मारामारी आणि शिवीगाळ यांसाठी माणसाला फार तर २४ तास अडकवून ठेवण्याचा अधिकार दिला. निवडक पाटलांना १५ व्या कलमाखाली त्याहून जास्त अधिकार मिळे. पाच रुपयांपर्यंत दंड आणि ४८ तासांपर्यंत कैद. त्या काळच्या जिल्ह्यांची गॅझेटियरं काढून पाहा. त्यांत नोंद सापडते, की जिल्ह्यातल्या बहुतेक पाटलांना चोवीस तासांचाच अधिकार होता आणि अठ्ठेचाळीस तासांचा अधिकार असणारे अगदी थोडे.

नमुन्यादाखल समजा, दोन भाऊबंदांचं भाताच्या खाचराच्या बांधावरून भांडण झालं. धाकट्यानं थोरल्याला शिवी दिली आणि धक्काही दिला. थोरला पाटलाकडे गेला. पाटलानं धाकट्याला बोलावलं, दोन साक्षी ऐकल्या आणि म्हणाला, "बस उद्या सकाळपर्यंत." रात्र गेली, राग उतरला, सकाळी बायको भाकरी घेऊन आली आणि प्रकरण मिटलं. तालुक्याची पायपीट वाचली, वकील वाचला, स्टॅम्पाचे पैसे वाचले. पाटील समंजस असला तर ही रीत वाईट नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. कोनपासून पनवेल दोन-अडीच कोस. पावसाळ्यात, चिखलातून, एका शिवीच्या खटल्यासाठी तिथवर कोण जाणार?

पण समजा, भांडण पाटलाच्याच भाऊबंदाशी असलं तर? फिर्याद ऐकणारा पाटील, निकाल देणारा पाटील आणि कोंडून ठेवणाराही पाटीलच. शिवाय ती पाटीलकी वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी. गावानं निवडलेला नाही आणि गावाला बदलता येत नाही. दाद मागायची तर तालुक्याला, आणि तिथवर जाईपर्यंत चोवीस तास उलटून गेलेले. कायद्यानं मुदत घातली हे मोठंच काम झालं. पूर्वी धोंडा डोक्यावर कितीही वेळ असे, आता घड्याळ आलं. परंतु त्या घड्याळाकडे पाहणारा दुसरा माणूस मात्र आला नाही.

शिक्षा सर्वांना सारखी होती असंही समजू नका. शेजारच्या मद्रास इलाख्यात १८१६ साली जो कायदा झाला, त्यात गावच्या मुख्याला असेच अधिकार दिले होते. पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की सर्वसाधारण माणसाला बारा तासांपर्यंत चावडीत ठेवावं आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या माणसाला सहा तासांपर्यंत खोड्यात घालावं. कायद्याच्या पुस्तकात, काळ्यावर पांढरं! गुन्हा एक, गाव एक, पण एकाला सावलीत बसायचं आणि दुसऱ्यानं पाय ओंडक्यात अडकवून घ्यायचे. आपल्याकडे चावडीबाहेर पहारा देणाऱ्या महाराची स्थिती तरी काय होती? तो रात्रभर जागे, तालुक्यापर्यंत चाले, पण चावडीच्या आत त्याला जागा नव्हती. कैदी सकाळी सुटे, पण राखणदार पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यामागचं दुखणं हेच. तुटपुंज्या मोबदल्यावर दिवसरात्र राबवून घेणारी ती चाकरी होती. ती वतनं कायद्यानं संपायला स्वातंत्र्यानंतर १९५८ साल उजाडावं लागलं. १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं पद गेलं आणि १८६७ च्या जुन्या गावपोलीस कायद्याच्या जागी १९६७ साली महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा आला. आजचा पोलीस पाटील नेमलेला असतो, जन्मानं आलेला नसतो. कित्येक गावांतून पोलीस पाटील महिला आहेत. गावात काय घडतं ते ठाण्याला कळवणं आणि पोलिसांना मदत करणं हे त्यांचं काम. शिक्षा ठोठावण्याचं काम न्यायालयाचं.

इथं कोणी म्हणेल, "सर, ही सगळी देशावरची गोष्ट झाली. आमच्या कोकणात चावडीपेक्षा गावकीचं वजन जास्त." बरोबर आहे. आणि म्हणूनच आपल्या रायगड जिल्ह्याला एक कठीण प्रश्न विचारला पाहिजे. गावकीनं कधी कोठडी बांधली नाही. तिला गरजच पडली नाही. तिनं माणसाला आत घातलं नाही, बाहेर काढलं. त्यालाच आपण वाळीत टाकणं म्हणतो. दुकानदारानं मीठ द्यायचं नाही, शेजाऱ्यानं विस्तव द्यायचा नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, गणपतीला दारात पाऊल टाकायचं नाही. कुलूप नाही आणि पहारेकरीही नाही. साऱ्या गावानं पाठ फिरवली की झालं.

चावडीतली शिक्षा चोवीस तासांनी संपे. वाळीत टाकलेल्याची शिक्षा कधी संपे? दोन वर्षं, दहा वर्षं, काही वेळा बापाची शिक्षा मुलापर्यंत. तिला मुदत नाही आणि तिच्यावर अपील नाही. म्हणजे भिंती नसलेली ही कैद भिंतीच्या कैदेपेक्षा भारी. ही काही जुन्या काळची कथा नव्हे. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी आपल्या काळातही वर्तमानपत्रांत येत राहिल्या. अखेर राज्यानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. कुणाला वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गावानं तंटे सामोपचारानं मिटवावेत, हे चांगलंच आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम त्यासाठीच होती. पण मिटवणं वेगळं आणि शिक्षा देणं वेगळं. मिटवायला दोघांची राजीखुशी लागते, शिक्षेला कायदा लागतो.

आता त्या चोवीस तासांकडे परत येऊ. गंमत पाहा, पाटलाच्या अधिकारातला तो आकडा आपल्या राज्यघटनेतही आहे. पण त्याचं काम बदललं आहे. पोलिसांनी धरलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्याच्या हुकमाविना चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात होता. १९५० साली घटना आली आणि २२ व्या अनुच्छेदानं त्या नियमाला मूलभूत हक्काचं स्थान दिलं. अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाला लागणारा वेळ सोडून, त्या माणसाला जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलंच पाहिजे. चावडीतले चोवीस तास म्हणजे पाटलानं दिलेली शिक्षा होती. घटनेतले चोवीस तास म्हणजे धरणाऱ्यानं जाब देण्याची मुदत आहे. जुन्या घड्याळाकडे पाहणारा दुसरा माणूस नव्हता, असं मघाशी म्हटलं ना? तो दुसरा माणूस घटनेनं उभा केला. तोच हा दंडाधिकारी.

तरीही नुसत्या नियमानं भागत नाही, हेही आपण पाहिलं आहे. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांची स्थिती पाहून पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांनी पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलून माहिती घेतली होती, आणि त्यांतल्या पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयानं त्या पत्रालाच अर्ज मानलं आणि १९८३ साली निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तिथं स्त्री-पोलिसांचा पहारा असावा, स्त्री-पोलिसाच्या समक्षच स्त्रीची चौकशी व्हावी आणि न्यायाधीशांनी अचानक जाऊन कोठड्या तपासाव्यात, अशा आज्ञा त्यात होत्या. एका पत्रानं हे झालं. पुढं १९९६ साली डी. के. बसू यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं साऱ्या देशासाठी अटकेचे नियम घालून दिले. त्या खटल्याची सुरुवातही पत्रानंच झाली होती. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे बसवण्याचा हुकूम झाला. खिडकी नसलेल्या खोलीला खिडकी पाडण्याचाच हा प्रयत्न म्हणायचा.

आता ज्यासाठी हे सारं सांगितलं, ते नीट ऐका. शक्य असेल तर लिहून घ्या. उद्या तुमच्या घरातल्या, आळीतल्या किंवा वाडीवरच्या कुणाला पोलिसांनी धरलं तर पुढच्या गोष्टी त्याच्या हक्काच्या आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्या आहेत. पहिली, का धरलं हे त्याला सांगितलं पाहिजे. दुसरी, अटकेचा लेखी पंचनामा झाला पाहिजे आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष पाहिजे. तिसरी, त्यानं सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवलं पाहिजे. चौथी, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. पाचवी, स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची तर स्त्री-अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. सहावी, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी गप्प बसू नये. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. ती गरिबाला फुकट वकील देते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी मार्ग सांगतात.

पकडलेला माणूस निर्दोष असेल किंवा खरोखरच चोर असेल. हे हक्क दोघांचेही आहेत. आपल्याला चोराची कीव येते म्हणून हे नियम केलेले नाहीत. चोर कोण आणि साव कोण हे पहिल्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून केले आहेत. डोक्यावर धोंडा घेऊन उन्हात उभा राहिलेला शेतकरी काही चोर नव्हता. त्याच्याकडे फक्त साऱ्याचे पैसे नव्हते.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती करतो. इंग्लंडमध्ये मुलांना गावची जुनी कोठडी दाखवायला नेतात. आपणही मुलांना एकदा आपल्या गावच्या चावडीकडे न्या. कुठं तिथं तलाठ्याची कचेरी असेल, कुठं ग्रामपंचायत असेल आणि कुठं नुसतं जोतं शिल्लक असेल. मुलांना म्हणावं, घरच्या आजीआजोबांना विचारून या. चावडीवर कोण बसे? बाहेर कोण उभं राही? कोणाला आत येऊ देत नसत? शिक्षा कोण सांगे? उत्तरं वहीत लिहून घ्या. आणि मग त्याच वहीत, पुढच्या पानावर, घटनेचा २२ वा अनुच्छेद सोप्या भाषेत लिहून घ्या. नागरिकशास्त्राचा असा धडा मुलं विसरणार नाहीत.

माणसाला अडकवून ठेवण्याची जागा दगडाची असो, लाकडी खांबांची असो, की वाळीत टाकणाऱ्या नजरांची असो, आपण तिच्याविषयी दोन प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. मुदत किती? आणि दाद कुणाकडे? या दोन प्रश्नांची उत्तरं जिथं मिळत नाहीत, तिथं आपण अजून त्या जुन्या खोड्याजवळच उभे आहोत असं समजावं.

कोनच्या त्या धाकट्या पोराला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. माझी एस.टी. आली. पुन्हा भेटला तर सांगेन, "बाळ, चावडी म्हणजे जिथं एके काळी गाव माणसाला बसवून ठेवी. आता तसं कुणालाच बसवून ठेवता येत नाही. तुला नाही, आणि ज्याच्याशी तू भांडत होतास त्यालाही नाही." आजोबांच्या धमकीतली हवा जाईल खरी, पण ते समजून घेतील. ते हसरे गृहस्थ होते.